पाचटावरची स्ट्रॉबेरी

दोन हजार तेवीस सालची ही गोष्ट. त्या साली पावसानं श्रावणातच पाठ फिरवली. कापूस गुडघ्याएवढा होऊन थांबला, सोयाबीनच्या शेंगा चपट्या राहिल्या आणि बीडकडच्या लिंबागणेशच्या अलीकडच्या वस्तीत दसऱ्याच्या आधीच पाण्याचे ड्रम दारोदार येऊन बसले. पण चतुराबाई ते साल दुष्काळाचं म्हणून ओळखत नाही. बहात्तरचा दुष्काळ तिनं परकराच्या वयात पाहिला, पुढचे सगळे अंगावर काढले. ते साल तिच्या लेखी कोयता घरी राहिल्याचं साल आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं कोयताच म्हणतात. दहा कोयते गेले, बारा कोयते आले, अशी माणसांची मोजणी. चतुराबाई आणि ज्ञानोबा एकतीस हंगाम एक कोयता होते. तो ऊस तोडायचा, ती शेंड्याचे हिरवे वाढे काढून मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायची. त्या फळीनंच तिचे गुडघे खाल्ले.

भाद्रपदात सुग्रीव मुकादम टोळीची नावं लिहायला आला. चतुराबाई चहा टाकायला उठली ती भिंतीला हात लावून. सुग्रीवनं बघितलं.

"चतुराबाई, तुमी आता ऱ्हावा घरी."

"मी येतो की एकला," ज्ञानोबा म्हणाला.

"एकल्याला आर्धा कोयता म्हंत्यात, ज्ञानोबा. आर्ध्याला घिऊन मी काय करू?" सुग्रीव हसला. ज्ञानोबाही हसला. पण मुकादम गेल्यावर तो दगडापाशी बसला आणि ज्या कोयत्याला कुठंच जायचं नव्हतं त्याला दिवस मावळेपर्यंत धार लावत राहिला.

घरात ही दोघं, मुलगा प्रवीण, सून यशोधरा आणि सहा वर्षांची नात करिष्मा. मुलगी वनमाला संभाजीनगरला दिलेली. तिथंच एका दवाखान्यात नर्स होती. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले होते. चौथा महिना चालू होता. संक्रांत झाली की बाळंतपणाला माहेरी येणार, हे ठरलेलं.

प्रवीण पिकअप चालवायचा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दुसऱ्या दिवशी सीताफळं घेऊन तो वाईला गेला आणि परत आला तो प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये तीस रोपं घेऊन.

"हे काय आणलंस बे?" ज्ञानोबानं विचारलं.

"इस्ट्रॉबेरी हाय, दादा. नर्सरीवाल्याकडं उरलीती. टाकून द्यायलता, म्हणलं द्या."

"आरं, हितं माणसाला प्यायला पाणी न्हाई, अन् तू पाव्हणे घिऊन आलास."

यशोधरा बारावी शिकलेली, अंगणवाडीत मदतनीस. तिनं लगेच मोबाईल काढला आणि लागवड कशी करतात ते बघायला लागली. चतुराबाई मात्र कॅरेटपाशी उकिडवी बसली. एका देठाला तीन पानं, पानांच्या कडा बारीक करवतीसारख्या. तिनं एक पान बोटांत धरलं आणि सोडलंच नाही.

ते पान तिनं पूर्वी पाहिलेलं होतं. शहाण्णव सालचा हंगाम, वाईच्या खालचा उसाचा फड. फडाला लागूनच एकाची बाग होती. उंच वाफे, वाफ्यांवर हीच पानं आणि पानांखाली लाल फळं. वनमाला पाच वर्षांची होती. एका दुपारी बागेचा मालक पोरीचं मनगट धरून सगळ्या टोळीसमोर आला. ओरडला नाही. हलक्या आवाजात म्हणाला, "मूठ उघड." पोरीनं मूठ उघडली. आत एक फळ होतं, दाबून चिरडलेलं. तो पुढं काही बोलायच्या आतच चतुराबाईनं वनमालाच्या गालावर एक ठेवून दिली. आईनं आधी मारलं की दुसऱ्याचा हात उठत नाही, हे फडावरचं शहाणपण. पण तो माणूस म्हणाला, "अहो बाई, मारता कशाला? लहान आहे ती." आणि निघून गेला. त्याचा हात उठणारच नव्हता. वनमाला रडली नाही. तिनं हात फ्रॉकला पुसला. तो डाग हंगाम संपेपर्यंत फ्रॉकवर होता, आणि चतुराबाई तो फ्रॉक रोज पाटाच्या पाण्यात धूत होती.

सत्तावीस वर्षांत ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. ज्ञानोबालाही नाही. तो त्या दिवशी ट्रॉलीबरोबर कारखान्यावर गेलेला होता.

"ह्याला फळ कवा लागंल गं?" तिनं सुनेला विचारलं.

"संक्रांतीच्या आसपास म्हणायलेत, मामी."

चतुराबाईनं पान सोडलं. संक्रांतीच्या आसपास फळ आणि संक्रांतीनंतर वनी. पिकलेलं एक फळ पोरीच्या मुठीत आपल्या हातानं ठेवायचं आणि मग तिला सांगायचं, एवढंच तिच्या मनानं घेतलं. तोंडानं म्हणाली, "मग लावू की. परसात कडुनिंबाची सावली हाय दुपारची."

परसात ज्ञानोबानं तीन वाफे ओढले. शेणखत मिसळलं. यशोधरानं दोरी धरून हात-हातभर अंतरावर रोपं लावली आणि सगळ्यांना बजावलं, "पाणी जपून घालायचं, पानावर न्हाई, बुडाला."

दिवाळी झाली. यशोधरा तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बीडला गेली, करिष्माला बरोबर घेऊन. त्याच दिवशी गल्लीतली टोळी निघाली. ट्रॅक्टरवर पेट्या, पातेली, कोंबड्यांची खुराडी, चुलीचे दगड. चतुराबाई चौकात उभी राहून एकेकीला हात दाखवत होती. "कंबर बांधून घ्या गं," "पोरीला उन्हात टाकू नको," असं काहीबाही सांगत होती. ट्रॅक्टर वळला आणि गल्ली एकदम रिकामी झाली. शेवटची ट्रॉली गेली तरी तिचा हात वरच होता.

घरी येऊन ती बसली, उठली, परत बसली. एकतीस वर्षं या दिवसांत तिच्या हातांना क्षणाची उसंत नसायची. शेवटी तिनं खुरपं घेतलं आणि परसात गेली. वाफ्यांतलं गवत काढलं. मग तिच्या हातांनी पुढचं काम आपोआप केलं. उसाला, कापसाला, भुईमुगाला, सगळ्या पिकांना खुरपणी झाली की मातीची भर लावतात. भर लावली की पीक पडत नाही, मूळ धरतं. तिनं एकेका रोपाच्या गळ्यापर्यंत माती ओढली, तळव्यानं थापटली. थंडी पडायला लागली होती. लेकराच्या गळ्यापर्यंत गोधडी ओढावी तसं तिचं चाललं होतं. तीसही रोपं झाली तेव्हा कंबर धरली होती, पण जिवाला बरं वाटत होतं. तिन्ही दिवस तिनं त्यावर तांब्या-तांब्या पाणी घातलं.

यशोधरा आली ती पिशवी ठेवून थेट परसात.

"मामी, हे कुणी पुरलं?"

"पुरलं कावून म्हंतीस? भर लावली."

यशोधरा खाली बसली. तिनं एका रोपाची माती बोटानं बाजूला केली. मधला कोंब काळा पडला होता. धरला तर बुळबुळीत होऊन हातात आला.

"ह्याचा जीव ह्या मधल्या कोंबात आसतो, मामी," ती हळू म्हणाली. "त्यो उघडाच ठिवायचा. झाकला की सडतो."

चतुराबाई दाराच्या चौकटीला टेकली. आपल्या हातांकडं बघितलं. मातीनं भरलेले, नखं तुटलेली. आजवर हे हात कामात चुकले म्हणून कुणी म्हटलेलं नव्हतं. मुकादमानंसुद्धा गुडघ्यांना नाव ठेवलं होतं, हातांना नाही.

"मी मारली व्हय गं सगळी?"

यशोधरा उठली, घरात गेली. चतुराबाईला वाटलं, रागानं गेली. पण ती दोन चमचे घेऊन आली, पोह्याचे. एक सासूच्या हातात दिला.

"खुरपं नको, लागंल. ह्यानं काढा. चूक माझीच हाय. पाणी घाला म्हणले, भर लावू नका म्हणायचं ऱ्हायलं."

"उसवाल्या बाईला आसं कोण सांगंल? सांगितलं आसतं तर मीच तुला हसले आसते."

दोघी ऊन उतरेपर्यंत चमच्यानं माती काढत होत्या. एकेका रोपाचा गळा मोकळा करायचा, कोंब बघायचा. हिरवा निघाला की यशोधरा "हाय" म्हणायची. काळा निघाला की चमचा पुढच्या रोपाकडं जायचा. सतरा वाचली.

पाण्याची तऱ्हा निराळी. टँकर तीन दिवसांआड यायचा, ते पाणी पिण्याला. रोपांसाठी पाणी दिलं शिवकांतानं. शेजारच्या शिवलिंग वाण्याची ती बायको. रस्त्याच्या तोंडाला त्यांचं किराणा दुकान, मागं बोअर. बोअर दिवसातून तासभर चालायचा.

"चतुराबाई, नळी टाकते भिंतीवरून. दिवसाआड दोन घागरी भरून घ्या," शिवकांता म्हणाली. "आमच्या दारात टमाटं जगंना अन् तुमी म्हाबळेश्वर कराया निघालाव."

याच घराच्या ओट्याखाली चतुराबाई नवी नवरी असताना एकदा ओंजळ धरून उभी राहिली होती. शिवकांताची सासू सरस्वतीबाई हिनं वरून, हात लांब धरून पाणी ओतलं होतं. आता सरस्वतीबाई नव्वदीला टेकून आतल्या खोलीत पडून होती आणि तिची सून भिंतीवरून नळी हातात देत होती. देताना दोघींची बोटं ओली व्हायची. त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

दोन घागरी सतरा रोपांना पुरवायच्या म्हणून प्रवीणनं एका दवाखान्यातून सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आणि नळ्या मागून आणल्या. यशोधरानं त्या धुतल्या. ज्ञानोबानं काठ्या रोवल्या, बाटल्या उलट्या टांगल्या. प्रत्येक रोपाच्या बुडाला थेंब-थेंब पाणी.

"सगळी झाडं भरती केली का काय दवाखान्यात?" ज्ञानोबा म्हणाला. "आता तपासायला वनीलाच बोलवा."

पण सकाळी उठल्यावर आधी बाटल्यांचा थेंब बघायला तोच जायचा. अंगठ्यानं नळीवरचं चाक मागं-पुढं करायचा. कोयत्याची धार बघायचा तसा एक डोळा बारीक करून.

डिसेंबर लागला आणि पांढरी फुलं आली. मधे पिवळा ठिपका. फूल गळून हिरवी गाठ धरली. यशोधरा म्हणाली, "फळ मातीला टेकलं की नासतं. मोबाईलवर कागद अंथरायलेत प्लास्टिकचा. आपून काय अंथरावं?"

"पाचट," चतुराबाई म्हणाली.

"पाचट?"

"उसाचं वाळलेलं पान गं. खाली ओल धरतं, वर कोरडं ऱ्हातं. फडावरच्या कोपीत, झोपडीत, आमी त्याच्यावरच निजायचो. तुझा नवरा त्याच्यावरच मोठा झाला." मग जरा थांबून तिनं सुनेकडं बघितलं. "पसरू का? का त्यानं बी मरंल?"

यशोधरा हसली. "पसरा, मामी."

माळाच्या खाली एकाचा उसाचा तुकडा तुटला होता. चतुराबाई तिथून पाचटाचा भारा डोक्यावर घेऊन आली. गुडघे दुखत होते, पण भारा डोक्यावर बसला तशी मान सरळ झाली. तिनं एकेका रोपाभोवती पाचट लावलं, कोंबाला न झाकता, धार हाताला लागू न देता. ते काम सुनेला येण्यासारखं नव्हतं. सुनेची बोटं पहिल्याच पानाला कापली.

संक्रांतीच्या आधी सहा दिवस पहिलं फळ लाल झालं. चतुराबाईनं नखानं देठ खुडला. दोन दिवसांत आठ फळं झाली. तिनं ती स्टीलच्या डब्यात घातली आणि शिवकांताकडं नेली. "तुमच्या फ्रीजात ठिवा. वनमाला यायलीय अठरा तारखेला."

करिष्मा मागं मागं आली होती. "आज्जी, एक?"

"वनूआत्या आली की."

सोळा तारखेला वनमालाचा फोन आला. "माय, सुट्टी पुढं गेली. दवाखान्यात माणूसच न्हाई. आता फेब्रुवारीत येईन, बाराच्या आसपास."

चतुराबाई शिवकांताकडं गेली. डबा उघडला तर फळं मऊ पडून पाणी सुटलेलं, दोनांवर पांढरी बुरशी.

"चतुराबाई," शिवकांता म्हणाली, "ह्या फळाला वाट बघता येत न्हाई. आमच्या दुकानात गूळ ऱ्हातो, खारीक ऱ्हाती. हे आजचं आजच."

"आजून येत्याल की. लई फुलं हायत."

तिनं परसात काठ्या रोवून जुन्या लुगड्याचा मांडव घातला. बुलबुल यायचे, साळुंक्या यायच्या, खारी यायच्या. हातात काठी घेऊन ती पाचटाशेजारी पोत्यावर बसून राहायची. पिकलेलं फळ शेवटच्या दिवसापर्यंत झाडालाच ठेवायचं, म्हणजे दोन दिवस तरी जास्त टिकेल, असा तिचा हिशेब. त्यात निम्मी फळं झाडावरच काळवंडली. करिष्मा शाळेतून आली की मांडवाच्या कडेला येऊन उभी राहायची. मागणं तिनं सोडलं होतं. नुसती बघायची आणि जायची.

एकदा यशोधरा म्हणाली, "मामी, एक तरी पोरीला देऊ का? नासूनच चाललेत."

"देऊ की. आधी वनीला."

"वनूताई काय म्हणत्यात, पाहिजेच म्हणत्यात का?"

"तिला ठावंच न्हाई."

यशोधरा भाकरी टाकायला आत गेली. ज्ञानोबा मात्र जेवताना म्हणाला, "ए, ऐकलं का? तुझी ती बाग राखण बघून मला वाईकडचे बागवाले आठवायलेत." तो हसत म्हणाला. चतुराबाईचा घास तसाच राहिला.

फेब्रुवारीच्या चार तारखेची दुपार. वाऱ्यानं कडुनिंबाची पानं पडत होती. चतुराबाईचा डोळा लागला. पाचट वाजल्यानं ती जागी झाली. मांडवाच्या आत करिष्मा उभी होती. एक हात पाठीमागं.

चतुराबाईनं पुढं होऊन तिचं मनगट धरलं.

"मूठ उघड."

ती ओरडली नाही. हलक्या आवाजात म्हणाली. आणि तो आवाज तिच्या कानांनी ओळखला. तसाच होता, अगदी तसाच.

करिष्मानं मूठ उघडली. फळ दाबलं गेलं होतं. रस बोटांच्या बेचक्यांतून मनगटावर आला होता. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून यशोधरा धावत आली. तिनं सासूचा चेहरा बघितला, पोरीचा हात बघितला आणि हात वर केला, पोरीवर. सासूनं मारायच्या आधी आपण मारावं म्हणून.

चतुराबाईनं तो हात वरच्या वर धरला.

"मारू नको. यशोधरा, मारू नको गं तिला. माझा हात उठणार नव्हता. न्हवता उठणार."

"मामी, मी उगं..."

"कळतं मला कावून ते. मला न्हाई कळणार तर कुणाला?"

ती पाचटावर खालीच बसली. गुडघ्यांचा आवाज झाला. करिष्माचा हात तिच्याच हातात राहिला होता. तिनं ती ओली बोटं पदरानं पुसली आणि तशीच बसून सुनेला वाईच्या खालच्या फडाची गोष्ट सांगितली. मालक काय म्हणाला, आपण काय केलं, तो मग काय म्हणाला. फ्रॉकचा डागसुद्धा सांगितला. यशोधरा समोर बसून ऐकत होती. करिष्माला त्यातलं काही कळलं, काही नाही. तिनं मधेच मुठीतलं चिरडलेलं फळ तोंडात टाकलं.

"गोड हाय का गं?" चतुराबाईनं विचारलं.

पोरीनं मान हलवली.

"मंग जा. रस्त्यावरल्या पोरांना बोलीव. म्हणावं आज्जीनं बोलीवलंय."

ज्यांचे आईबाप फडावर गेले होते ती आजी-आजोबांकडं मागं राहिलेली लेकरं गल्लीत होती. सात-आठजणं आली. चतुराबाईनं मांडवाचं लुगडं काढून घडी घातली. "वढायचं न्हाई. देठ आसा नखानं खुडायचा. पांढरं ऱ्हायलंय ते सोडून द्यायचं. पाचटावर पाय दिऊ नको रे, धार हाय त्याला." एकेकाला वाकवून, हात धरून तिनं दाखवलं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, जे लाल झालं ते पोरांनी खुडलं. एक वाटी भरून शिवकांताकडं गेली. शिवकांतानं संध्याकाळी भिंतीवरून वाटी परत दिली. "सासूबाईंनी दोन खाल्ले. दात न्हाईत, हिरडीनं चावले. कुणाकडचं म्हणून विचारीत होत्या."

"काय सांगितलं?"

"सांगितलं की. म्हणल्या, आजून हाय का."

वनमाला तेरा तारखेला आली. जावई गाडीनं सोडायला आले. ज्ञानोबानं जय भीम केला, पाणी दिलं. वनमालाच्या पायांवर सूज होती, चेहऱ्यावर काळे डाग उठले होते. आठवा चालू होता. चहा झाला, जावई परत गेले. ऊन खाली आलं तशी चतुराबाई तिला परसात घेऊन गेली.

सतरा रोपं हिरवीगार होती. लाल फळ एकही नव्हतं. एकाच झाडाला एक फळ होतं, एका गालावर गुलाबी, बाकी पांढरं.

"तुझ्यासाठी राखून ठिवायचे व्हते. पोरांना वाटले मी."

"बरं केलंस की. हे काय आपल्या दारात? इस्ट्रॉबेरी?"

"बस. तुला येक सांगायचंय."

वनमाला पोत्यावर पाय लांब करून बसली. चतुराबाईनं सगळं सांगितलं. सुनेला सांगताना सोपं गेलं होतं. आता शब्द अडत होते. सांगून झाल्यावर ती पाचटाचं एक पान उगाच चिरत राहिली.

वनमाला त्या हातांकडं बघत होती.

"चापट आठवती मला, माय."

चतुराबाईचे हात थांबले.

"फळ न्हाई आठवत. बागवाला बी न्हाई. तू मारलंस अन् सगळी बगायलती, येवढं आठवतं. कावून मारलंस ते आठवत न्हवतं. लई वर्सं वाटायचं, मी काईतरी लई वाईट केलं आसंल. इतकं वाईट की तू परत बोललीच न्हाईस त्याच्यावर. विचारायची बी भीती वाटायची." तिनं पोटावर हात ठेवला. "येवढंच व्हतं?"

"येवढंच."

"ह्या येवढ्याशा फळासाठी?"

"न्हाई गं. त्याच्या हाताच्या भ्यानं. अन् त्यो मारणार न्हवताच."

वनमाला हसायला लागली. आधी नुसतं ओठांत, मग पोट हलायला लागलं, मग पोट धरून, भिंतीला टेकून. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं पुसलंही नाही. "लेकरू लाथा मारायलंय बग," ती म्हणाली आणि आईचा हात ओढून पोटावर ठेवला. पोटातल्या लाथा चतुराबाईच्या तळव्याला लागल्या. दोन, मग एक.

"ते तोड," वनमाला त्या गुलाबी गालाच्या फळाकडं बोट दाखवून म्हणाली.

"कच्चं हाय. दोन दिसांनी पिकंल."

"पिकेपर्यंत कोण बसतं? तोड. अन् वहिनी, मीठ आणा जरासक. तिखट बी."

यशोधरानं घरातून चिमूटभर मीठ-तिखट हातावर आणलं. चतुराबाईनं फळ खुडलं. वनमालानं ते मिठात बुडवून अर्धं खाल्लं, डोळे मिटून घेतले. मग उरलेलं अर्धं आईपुढं धरलं.

"तू खाल्लीस का एखादी?"

चतुराबाईला आठवेना. मग आठवलं. नव्हती खाल्ली.

"आ कर."

"आगं, तुझ्या डोहाळ्याचं..."

"आ कर, माय."

चतुराबाईनं तोंड उघडलं. वनमालानं घास भरवला.

"कशी हाय?"

"आंबट."

"अन् काय?"

"आंबटच हाय गं," चतुराबाई म्हणाली आणि तोंडातलं बराच वेळ गिळलं नाही.

त्यानंतर दीड महिन्यानं बीडच्या दवाखान्यात वनमालाला मुलगी झाली. नाव संघमित्रा. ती आता चालते, बोलते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. घरात तिला मूठ उघड म्हणायची कुणाची टाप नाही.

त्या एप्रिलात शिवकांताचा बोअर आटला. पुढच्या साली पाऊस भरपूर झाला तेव्हा परत लागला. नळी भिंतीवर तशीच आहे. सरस्वतीबाई त्याच उन्हाळ्यात गेल्या. शेवटचे आठ दिवस त्या कुणालाच ओळखत नव्हत्या, पण एकदा "त्या चतुराकडचं लाल" मागितलं, असं शिवकांता सांगते. तेव्हा हंगाम संपला होता.

सुग्रीव मुकादमाची टोळी आता निम्म्यावर आलीय. उसात यंत्रं उतरली. मागच्या भाद्रपदात तो येऊन बसला तेव्हा ज्ञानोबा म्हणाला, "काय सुग्रीवराव, तुमच्याकडं बी आर्धेच कोयते ऱ्हायले का?" आणि त्याला चार रोपं दिली. ज्ञानोबानं दोन शेळ्या धरल्यात. तो धारदार कोयता आता त्यांच्या चाऱ्याला चालतो. प्रवीण अजून पिकअपच चालवतो. यशोधरा अंगणवाडीत सेविका झाली. तिच्या अंगणवाडीच्या कुंपणाला एक वाफा आहे. करिष्मा तिथल्या बारक्या पोरांना देठ नखानं कसा खुडायचा ते शिकवते आणि शिकवताना आजीसारखीच ओरडते.

ती सतरा रोपं उन्हाळ्यात टिकली नाहीत. पण त्यांनी सोडलेले वेल यशोधरानं कुंड्यांत धरले होते, कडुनिंबाच्या बुडाशी. त्यातली पाच जगली. दोन वर्षांत त्यांची साठ झाली. आता निम्म्या वस्तीच्या परसात ती आहेत आणि सगळीकडं खाली पाचट आहे.

चतुराबाईचे गुडघे बरे झाले नाहीत. थंडी पडली की ती पोतं ओढून वाफ्याशी बसते. पावसाच्या शिंतोड्यानं, कोंबडीच्या उकरण्यानं रोपाच्या गळ्याशी माती आली असेल ती काढते. त्यासाठी तिचा तो पोह्याचा चमचा परसाच्या भिंतीच्या फटीत खोचलेला असतो. पाहुणे आले, चमचे कमी पडले, तरी तो कुणी घरात नेत नाही.